बुडबुडे थांबले, पण बिअर थांबली का? गव्हाच्या बिअरच्या बाटल्या भरण्याआधी

रविवारी बाटल्या भरू नका. कारणं खाली सविस्तर लिहितो, पण हे एक वाक्य आधी वाचा, कारण मध्ये दोनच दिवस आहेत आणि बाटलीत वायू धरण्यासाठी घालायची साखर मोजून ठेवल्याचं तुम्ही लिहिलंय.

बाकीच्यांनाही कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही अंधेरीच्या एका मायक्रोब्रूअरीत शिकाऊ म्हणून लागलात आणि मालकांनी तिथल्याच कोपऱ्यात घरगुती किटवर २० लिटरची स्वतःची बॅच करायला दिली. निम्मं गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), निम्मं बार्लीचं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, १.०५०; साखर खाल्ली गेली की तो उतरतो. यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू सोडणारी सूक्ष्म बुरशी) डब्ल्यूबी-०६ नावाचं, सुक्या पाकिटातलं. बादली पाण्याच्या टबात, वर बर्फाच्या बाटल्या, तापमान १८-१९ अंश. आज सहावा दिवस. कालपासून एअरलॉक (झाकणावरची, वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी पाण्याची नळी) गप्प आहे. नमुना काढून तासाभराने मोजलात तर १.०१४ आलं, आणि रेसिपीत शेवट १.०१२ लिहिलाय. तुमचं म्हणणं असं की गव्हाची बिअर गढूळच असते, ती निवळायची वाट बघायची नसते, मग दोन पॉइंटसाठी (०.००१ म्हणजे एक पॉइंट) अडून कशाला राहायचं?

(वाचून कोणी घरच्या ओट्यावर सुरुवात करणार असेल तर: आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, घरच्या पिण्यापुरतंही नाही. प्रश्नकर्त्यांची बॅच परवाना असलेल्या जागेत आहे, म्हणून हे उत्तर लिहितोय.)

गढूळपणाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. गव्हातलं प्रोटीन आणि तरंगतं यीस्ट यामुळे ही बिअर शेवटपर्यंत धुरकट राहते, तिचं जर्मन नाव हेफेवायझन, त्यातल्या ‘हेफे’चा अर्थच यीस्ट. म्हणून रंगरूपावरून काही कळत नाही. पण त्यातून निघतं एवढंच की डोळ्यांवर विसंबता येत नाही, आकड्यावर विसंबायचं. आणि तुमचा आकडा सांगतोय की बिअर अजून वाटेतच आहे. दोन पॉइंट नाहीत, जवळजवळ साडेनऊ पॉइंट बाकी आहेत. हा हिशेब नीट समजून घ्या, सगळी गोम इथेच आहे.

पहिली गोष्ट नमुन्याचं तापमान. तुमचा हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती काचेची नळी) २० अंशांसाठी बनवलेला आहे, दांड्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, बघा. नमुना तासभर बाहेर ठेवलात. जुलैत अंधेरीच्या बंद खोलीत पारा ३० ला असतो. ३० अंशांवरचं द्रव पातळ, त्यात हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा सुमारे अडीच पॉइंट कमी दाखवतो. म्हणजे तुमचं १.०१४ हे खरं तर १.०१६५ आहे. मुंबईत हा फरक रोजचा आहे, आणि तो नेहमी आपल्याला फसवणाऱ्या दिशेने असतो: बिअर आहे त्यापेक्षा पुढे गेल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट यीस्ट. रेसिपीतलं १.०१२ हे दुसऱ्या कुठल्या तरी यीस्टचं आहे. म्युनिक क्लासिकसारखं यीस्ट असतं तर १.०१० च्या आसपास थांबलं असतं आणि १.०१२ सुद्धा चाललं असतं. डब्ल्यूबी-०६ हे डायस्टॅटिकस जातीचं आहे. साध्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखरा हे यीस्ट स्वतःच्या एन्झाइमने तोडतं आणि सावकाश खातं. सुरुवातीच्या पॉइंटांतले ८६ ते ९० टक्के ते उतरवतं. १.०५० ने सुरुवात केलीत, तर शेवट १.००७ च्या जवळपास किंवा त्याहीखाली. पहिल्या चार दिवसांत ते सोप्या साखरा झपाट्याने खातं, मग एअरलॉक गप्प झाल्यासारखा वाटतो, आणि त्यानंतर दहा-बारा दिवस हळूहळू चरत राहतं. या चरण्याचा आवाज येत नाही. पाकिटावरचं यीस्टचं नाव न बघता रेसिपीचा आकडा धरणं ही मी शिकाऊ मुलांमध्ये सगळ्यात जास्त बघितलेली चूक आहे.

आता हे साडेनऊ पॉइंट बाटलीत गेले तर काय होईल? ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये किती लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलाय, त्याचं माप. बिअरमध्ये आधीच पाऊण-एक व्हॉल्यूम असतो, वर तुमची साखर दोन देणार, आणि उरलेल्या पॉइंटचे साडेचार. बेरीज सातच्या वर. ३० अंशांवर सात व्हॉल्यूम म्हणजे आत १४० पीएसआयच्या घरात दाब. गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ भरतो आपण. बिअरची पातळ काच हे सोसत नाही.

मी हे एकदा जवळून बघितलंय. दहा-एक वर्षांपूर्वी, मे महिना, लोअर परळच्या एका ब्रूपबमध्ये मी नवीन होतो आणि अशीच छोटी बॅच सातव्या दिवशी भरली. १.०१८ ला. बाटल्या २४, स्टोअररूममध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात. नवव्या रात्री आवाज आला तेव्हा वॉचमनला वाटलं ट्यूबलाइट फुटली. सकाळी मी दार उघडलं तर पिकलेल्या केळ्याचा वास, जमीन चिकट, आणि समोरच्या प्लायवूडच्या फळीत बाटलीच्या मानेचा तुकडा बोटाच्या पेराएवढा आत रुतलेला. तो मी पक्कडीने ओढून काढला. आदल्या संध्याकाळी मी त्याच खोक्यापुढे उकिडवा बसून झाकणं मोजली होती. बाकीच्या २१ बाटल्यांवर ओली गोणपाटं टाकली, वेल्डिंगचा चष्मा आणि जाड हातमोजे घातले, सगळं बर्फात चार तास गार केलं आणि एकेक झाकण सैल करून वायू सोडला. तीन बाटल्या रात्रीच फुटल्या होत्या. तेव्हापासून आकडा पक्का झाल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही आणि कोणाला भरू दिलेली नाही.

तर आकडा पक्का कसा करायचा.

एअरलॉक विसरा. तो फक्त वायू बाहेर पडतोय एवढं सांगतो, यीस्ट काम करतंय की नाही ते सांगत नाही. बादलीचं झाकण जरा सैल असेल तर बिअर जोरात आंबत असतानाही तो गप्प राहतो. उलट आंबणं संपल्यावर खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि तो पुन्हा डबडबायला लागतो. गव्हाच्या यीस्टचा फेसही असाच फसवा. हे यीस्ट वर चढणारं आहे, काम संपल्यावरसुद्धा त्याचा थर आठ-दहा दिवस मलईसारखा टिकून राहतो. फेस बसायची वाट बघू नका, आणि बसला म्हणून खूशही होऊ नका.

आज काय करायचं ते सांगतो. टबातल्या बर्फाच्या बाटल्या काढून टाका. पहिले तीन-चार दिवस १८-१९ अंश ठेवलंत ते उत्तम केलंत, केळं-लवंगेचा तोल त्यातून येतो आणि नको ते जड अल्कोहोल होत नाहीत. पण आता चव ठरून गेलीय. आता थंडीने यीस्टला झोप येतेय. टबातल्या थंडीत १.०१६ ला ‘थांबलेली’ बिअर बाटलीत भरून ३० अंशांच्या खोलीत ठेवलीत की यीस्ट जागं होतं आणि उरलेलं सगळं तिथे खातं. संपलेली आणि झोपलेली बिअर एअरलॉकवर सारखीच दिसते. बादली २२-२३ अंशांवर येऊ द्या, एसीच्या खोलीत सहज होईल. पावसाळ्यात ओलं फडकं गुंडाळून गार ठेवायचा प्रयत्न करू नका. हवेत आधीच इतकी ओल असते की फडकं वाळतच नाही आणि गारवाही येत नाही. ती युक्ती डिसेंबर-जानेवारीची.

त्याच वेळी एक छोटी चाचणी लावा. माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात आधी ही शिकावी, पण फार कमी जण करतात. बादलीतून २०० मिली बिअर काढा, स्वच्छ काचेच्या बरणीत घाला, त्यात चिमूटभर ताजं सुकं यीस्ट टाका. तेच डब्ल्यूबी-०६, दुसरं नको. तोंडावर फॉइल सैल बसवा आणि बरणी बाहेर ओट्यावर ठेवा. मुंबईच्या ३० अंशांचा इथे उपयोग होतो. येता-जाता बरणी हलवा. एवढ्या उबेत, एवढं यीस्ट असताना ती तीन-चार दिवसांत जिथवर जायचं तिथवर जाते. या यीस्टला मी पाच दिवस देतो. तो आकडा म्हणजे तुमच्या बॅचचा खरा शेवट: रेसिपीचा नाही, पाकिटावरचा नाही, तुमच्या माल्टचा आणि तुमच्या भांड्याचा. बरणीत १.००७ आलं आणि बादलीत १.०११ असेल, तर चार पॉइंट बाकी, प्रश्न मिटला. बरणीतली बिअर पिऊ नका आणि बादलीत परत ओतू नका.

आता हायड्रोमीटर धरण्याबद्दल. नमुना नळातून घ्या, नळाचं तोंड आधी सॅनिटायझरने फवारून. पहिले दोन घोट तळाच्या साक्याचे येतात, ते टाकून द्या. मग नमुना एका ग्लासातून दुसऱ्यात, चहावाला चहा वर-खाली करतो तसा, दहा-बारा वेळा ओता. यातला वायू निघून जायला हवा. नाहीतर हायड्रोमीटरच्या पोटाला मोत्यांसारखे बुडबुडे चिकटतात, त्याला वर उचलतात आणि आकडा दोन-तीन पॉइंट जास्त येतो. नळकांड्यात हायड्रोमीटर सोडताना बोटांनी एकदा गर्रकन फिरवा, चिकटलेले बुडबुडे सुटतात. तो काठाला टेकून थांबला तर पुन्हा फिरवा. डोळा पातळीवर आणा. द्रव दांड्यालगत जरा वर चढलेलं दिसेल, ते वाचायचं नाही, मधली सपाट पातळी वाचायची. गव्हाच्या गढूळ बिअरमध्ये ती शोधायला मागे मोबाइलचा टॉर्च धरा. तापमान मोजा आणि ३० असेल तर अडीच पॉइंट मिळवा, २५ ला सव्वा. हायड्रोमीटर खरा आहे का, हे साध्या पाण्यात बघून घ्या. २० अंशांच्या पाण्यात १.००० दाखवायला हवं. आमच्याकडच्या एकाचा कागद आत घसरला होता आणि तो दोन पॉइंट खोटं बोलायचा. जे काही निघेल ते मास्किंग टेपवर लिहून नळकांड्याला चिकटवा.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) ब्रूअरीत असेलच, पण शेवटच्या मापासाठी तो नको. अल्कोहोलमुळे तो बराच जास्त आकडा दाखवतो. पूर्ण आंबलेली बिअरही त्यात सहाच्या घरात ब्रिक्स (साखरेचं टक्क्यांतलं माप) दाखवते आणि नवा माणूस घाबरतो.

किती वेळा मोजायचं? शितावरून भाताची परीक्षा इथे होत नाही, एक आकडा म्हणजे काहीच नाही. साध्या यीस्टला तीन दिवसांच्या अंतराने दोन सारखे आकडे आले की मी मानतो. या यीस्टला मी तीन आकडे मागतो, आणि पहिल्या-शेवटच्यात पूर्ण आठवडा. आठवड्यात एक पॉइंटही उतरला तर ते चालू आहे असं धरायचं. तुमच्या बाबतीत बरणीचा आकडा हाताशी असेल, म्हणून काम सोपं होईल: बादली बरणीला भेटली आणि तिथेच थांबली की झालं. माझा अंदाज सोळा ते वीस दिवसांचा. पण तारखेवर भरू नका.

आकडा जुळला की चाखा. गार करून नाही, खोलीच्या तापमानाला. गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेलं केळं आणि लवंग हवी, मागे पावाची कणी. हिरव्या सफरचंदासारखा कच्चा वास आला तर यीस्टचं आवरायचं राहिलंय, दोन-तीन दिवस आणखी द्या. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास शोधायचा असेल तर थोडी बिअर झाकणाच्या बरणीत घालून ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, निवू द्या, मग हुंगा. लपलेला वास त्यात उघडा पडतो. आला तर थांबा, यीस्ट तो परत खाऊन टाकतं. किंचित गंधकाचा वास पहिल्या आठवड्यात आला तर घाबरू नका, उडून जातो. आंबट, ताकाच्या वळणाची चव मात्र उडून जाणारी नाही. ती आली आणि वर पांढरी सुरकुतलेली साय दिसली, तर जंतू शिरलेत. तशी बॅच बाटलीत घालू नका. जंतू यीस्टने सोडलेलंही खातात आणि दाब वाढतच राहतो.

वाट बघण्यालाही मर्यादा आहे. ही बिअर मुरवून ठेवायची नाही, लोणच्यासारखी नाही. केळ्याचा सुगंध ताजेपणीच. दोन महिन्यांत तो फिका पडतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. शिवाय गाळावर उबेत फार दिवस राहिली तर मेलेलं यीस्ट फुटून सोया सॉससारखी जड चव येते. म्हणून आकडा पक्का झाल्यावर ‘अजून आठवडा राहू दे’ म्हणू नका. शक्य असेल तर एक रात्र फ्रिजमध्ये टाका, साका घट्ट बसेल, आणि दुसऱ्या दिवशी भरा.

साखरेचा हिशेब. पारंपरिक गव्हाच्या बिअरमध्ये ३.३ ते ४.५ व्हॉल्यूम असतात, तो आकडा बघून भुलू नका. ते त्यासाठीच्या जाड बाटल्यांत. पहिल्या वेळी पावणेतीनच्या आसपास थांबा. त्याला साधी साखर लिटरला ७ ग्रॅम, १९ लिटरला १३३. साखर थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, भरायच्या भांड्यात आधी ती ओता आणि बिअर नळीने तिच्यावर सोडा. ढवळायची गरज पडत नाही, पडलीच तर फेस न आणता हळू. साखरेचा हिशेब करणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये बिअरचं तापमान विचारतात ते फ्रिजमधलं टाकू नका. आंबणं संपल्यानंतर बिअर सगळ्यात जास्त जिथे पोहोचली ते टाका, तुमचं २३. चमच्याने बाटलीगणिक साखर घालू नका, एकीत दीडपट जाते आणि तीच फुटते. बाटल्या जाड काचेच्या, फिरकीच्या झाकणाच्या नकोत, तोंडाला टवका गेलेली एकही नको. मानेशी दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा.

आणि एक बाटली प्लास्टिकची भरा, सोड्याची, ६०० मिलीची, धुऊन सॅनिटाइझ केलेली. भरताना ती दाबून वरची हवा काढून झाकण लावा. बाकीच्या काचेच्या बाटल्या झाकणाच्या जाड क्रेटमध्ये, येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर, वर गोणपाट. रोज सकाळी काचेच्या बाटल्यांना हात न लावता फक्त प्लास्टिकची दाबा. पहिल्या दिवशी ती मऊ असेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगठा रुतायला जोर लागेल. मुंबईच्या उबेत सहसा सात ते दहा दिवसांत ती दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याइतकी कडक होते. झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. चौथ्या दिवशीच दगडासारखी झाली तर काहीतरी उरलं होतं असं समजा आणि त्याच दिवशी, चष्मा-हातमोजे घालून, सगळं गार करा.

पहिली बाटली फ्रिजमध्ये पूर्ण २४ तास राहिल्यावर उघडा, सिंकच्या वर धरून. ग्लास तिरपा, तीन हिस्से हळू ओता, मग उरलेली बिअर बाटलीतच गोल फिरवून तळाचं यीस्ट सोडवा आणि वर घाला. रविवारी मित्र येणारच असतील तर त्यांना बरणीची चाचणी दाखवा, बाटल्यांसाठी पुन्हा बोलवा. बरणीत काय आकडा आला तो इथे लिहा, तापमानासकट.